चाचणीची नोंद

हातकणंगल्याजवळच्या त्या वस्तीत कुणी वारलं की पूर्वी एक जण सायकलवरून घरोघर सांगत फिरायचा. आता ते काम वस्तीतल्याच प्रसेनजीतनं बनवलेल्या अ‍ॅपकडं होतं. वस्तीतल्या बुद्धविहारातून मयताचं नाव आणि मातीची वेळ भरली, की सगळ्यांचे फोन वाजायचे. डेटाबेसमध्ये काही बदललं की लगेच वर्दी देणारा कोडचा तुकडा, लिसनर, त्यानं त्यात बसवला होता.

पहिल्या चाचणीला मयत म्हणून कुणाचं नाव टाकायचं, या विचारात तो अडून बसला. तेव्हा त्याला लहानाचं मोठं केलेली आत्या, बायडाबाई, म्हणाली, "माझं टाक की. आज न्हाय उद्या टाकायचंच हाय." फोन वाजला तशी ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

पण अ‍ॅप उघडलं की दर वेळी नवा लिसनर लागायचा, जुना काढायचा राहून जायचा, आणि प्रत्येक लिसनर जुन्याच नोंदी नव्या समजून पुन्हा वाजवायचा. लोकांनी कटकट केल्यावर प्रसेनजीतनं त्यांच्यासाठी दुरुस्ती केली. स्वतःच्या फोनवर मात्र जुनंच अ‍ॅप आणि आत्याची ती नोंद तशीच राहिली. बघू सवडीनं, म्हणत राहिला. दिवसातून कितीदा तरी तिचं नाव वाजायचं आणि तो न वाचता बाजूला सारायचा. माणूस कोडगा होतो तो असाच, हळूहळू.

बुधवारी सकाळी शहरात, मंगळवार पेठेतल्या ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन वाजला. अ‍ॅपवर तेच नाव: बायडाबाई. त्यानं अंगठ्यानं सारलं. पुन्हा वाजला. वैतागून त्यानं फोनच बंद करून टाकला.

संध्याकाळी फोन चालू केला, तर आत्याच्या मुलाचे, कृष्णातचे, कॉलवर कॉल येऊन गेलेले. आणि अ‍ॅपमध्ये तिचं नाव दोनदा. दुसऱ्या नावाखाली लिहिलं होतं: माती दुपारी एक वाजता.

तो पोचला तेव्हा माणसं मातीहून परतून अंगणात बसली होती. कृष्णातचे डोळे सुजले होते.

"तुझ्यासाठी तासभर थांबलो. बातमी पोचली न्हाय व्हय रं?"

"मशीनच हाय ते," शेजारचा ज्ञानू समजुतीनं म्हणाला. "चुकायचंच."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. प्रसेनजीतला स्वतःची शिसारी आली.

"पोचलती, दादा," तो म्हणाला. "मीच बघितली न्हाय."