पटाच्या दिवशी तुंबलेली नळी

आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, कशाला लाजेल आणि कशाला नाही, हे सांगणं कठीण. भर बाजारात धोतर खोचून बैलाच्या खुराला तेल चोळत बसेल. शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्याची जोडी पुढे निघाली की डोक्याचं मुंडासं हवेत उडवून नाचेल, मग पोट दिसो की पाठ. असा माणूस चांद्याच्या दवाखान्यातून घरी आला आणि एका काचेच्या बाटलीला लाजू लागला.

नये पैसे चलनात आले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्याची लघवी अडली. पोट फुगून कडक झालं. बैलांच्या बंडीतून पोंभुर्ण्याला आणि तिथून मोटारीत घालून त्याला चांद्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या वाटेवरची गाठ वाढली आहे, पण अंगात रक्त नाही, मोठं ऑपरेशन आत्ता झेपायचं नाही. तोवर त्यांनी बेंबीच्या खाली लहानसं छिद्र पाडलं, त्यातून लाल रबरी नळी थेट मूत्राशयात बसवली आणि नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. उन्हाळा लागला की परत या, म्हणाले.

निघताना नर्सबाईंनी बजावलं, पाणी भरपूर पाजा. बाटली नेहमी पोटाच्या खाली ठेवा. नळीला पीळ पडू देऊ नका, ती अंगाखाली दबू देऊ नका. लेकराला कळेल एवढं सोपं. आमच्या बुढ्याला कळलं नाही, कारण त्याला कळून घ्यायचंच नव्हतं.

त्याची अडचण होती कमळा. कमळा म्हणजे आमची सून, वारलूची बायको. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पदर ओढून असते, त्याच्याशी बोलत नाही, त्याच्या अंगाला तिचा हात लागत नाही. ताट वाढलं की कमळा दाराआड उभी राहून बांगड्या वाजवायची आणि बुढा उठायचा. जरा जोरात वाजल्या तर भात निवत चालला, असं समजायचं. नातू सुकलू बैलांमागे धावण्याइतका मोठा झाला, तरी तिने सासऱ्याशी एक शब्द बोललेला मला आठवत नाही. सुकलूच्या जन्माच्या वेळी नाल्याला पूर होता आणि वारलू दूर जंगलात लाकूडतोडीवर होता. त्या दिवशी काय झालं, ते घरात कोणी कधी काढत नाही.

आता माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणात कोंबडी बसली आहे की कोणी टोपली पालथी घातली आहे, ते मला ती हलल्याशिवाय कळत नाही. म्हणजे बाटली रिकामी करायची तर कमळानेच. आणि हेच बुढ्याला सोसवेना. सुनेनं आपलं मूत उचलावं, या विचारानेच त्याच्या तोंडची चव गेली. त्याने बाटली खाटेवर मांडीशी घेतली आणि वर घोंगडी ओढली. बाटली भरू नये म्हणून पाणीही तोडलं. मी लोटा घेऊन उभी राहिले की ओठ ओले करायचा आणि उरलेलं पाणी हळूच खाटेखाली ओतायचा. जमीन ओली कशी, म्हणून मी मांजराला शिव्या घालत होते.

व्हायचं तेच झालं. नळी तुंबली. पुन्हा बंडी, पुन्हा मोटार, पुन्हा चांदा. नर्सबाईंनी काचेच्या पिचकारीने नळीतून घाण ओढून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बोटाने चोळून पाहिली, तर रव्यासारखी कचकच.

"पाणी प्यायचं नाही, मग लघवी घट्ट होते," नर्सबाई बुढ्यावर कडाडल्या. "बाटली खाटेवर घेऊन झोपायचं, मग लघवी आतच साचते. साचली की असे कण धरतात. ते नळीत बसतात. यात देवाचा काही दोष नाही, बाबा, तुमचाच आहे!"

मला तर त्या बाईंची आरतीच ओवाळावीशी वाटली. मग त्यांनी आम्हा दोघी सासू-सुनांना नळी धुणं शिकवलं. हात साबणाने धुवा. पिचकारी उकळा. मीठ घातलेलं पाणी उकळून कोमट होऊ द्या. आधी हलकेच ओढा, मग थोडंसं पाणी सोडा, आणि आपोआप परत येऊ द्या. जोर अजिबात करू नका, आणि तरीही वाहिलं नाही तर इकडे घेऊन या. मला पिचकारीचं टोक आणि नळीचं तोंड एकत्र दिसेचना. कमळाने मात्र पहिल्या खेपेलाच जमवलं. नर्सबाई म्हणाल्या, हिचा हात हलका आहे, घरी हिनेच करायचं. एक जुनी पिचकारीही दिली.

बुढा भिंतीकडे तोंड करून पडला होता. परतीच्या वाटेवर बंडीत मला म्हणाला, "मेलो तरी चालन. पन सुनेचा हात माह्या अंगाले लागू देनार नाई."

"मग मरा," मी म्हणाले. राग आला की मी असंच बोलते, आणि मग रस्ताभर पदराने डोळे पुसत बसते.

संक्रांत झाली आणि शेजारच्या गावचा पट आला. आमच्या लाखा-पाखऱ्याची जोडी त्या वर्षी ऐन भरात होती. वारलू हाकणार होता, पण ती जोडी एक नंबरची नखरेल. बुढा समोर उभा राहून त्यांच्याशी चार गोष्टी बोलला तरच सुटायच्या जागी शांत उभी राहायची, नाहीतर जू फेकून द्यायची. बुढा म्हणाला, मी येणार. मी नाही म्हणून पाहिलं. पण बैलांची गोष्ट निघाली की माझं कोण ऐकतं?

कमळाने अंबाडीच्या दोरीची जाळी विणली होती. बाटली त्यात ठेवून बंडीच्या बाजूला खाली टांगायची, म्हणजे बसल्या बसल्याही ती पोटाच्या खालीच राहील. बुढ्याने जाळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाटली मांडीवर घेतली, वरून चादर पांघरली. त्याने आदल्या दिवसापासून पाण्याला तोंडही लावलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. कमळाने मुकाट्याने जाळी गुंडाळली, आणि तिच्यासोबत गंज म्हणजे लहान पातेलं, मीठ, साबण आणि पिचकारी शिदोरीच्या टोपल्यात घातली.

पटावर माणसांचा नुसता पूर. आम्ही बंडी मोहाच्या झाडाखाली सोडली. लोक येत होते, "कसे हा, दादाजीभाऊ?" विचारत होते आणि बुढा चादर घट्ट धरून हसत होता. दुपार चढली तसं त्याचं हसू आटलं. मग कपाळावर घाम आला. मग त्याने दात दाबले. मी चादर ओढून काढली तर बाटलीत तळाशी चूळभर, आणि पोट दगड.

नर्सबाईंनी सांगितलं होतं ते सगळं मी केलं. बाटली खाली धरली. नळी दुमडली होती ती सरळ केली. त्याला कुशीवर वळवलं, उठवून बसवलं. एक थेंब पडेना. चांद्याची मोटार दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि हा माणूस संध्याकाळपर्यंतही तग धरेल असं दिसेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

भोवती माणसं जमली. शेजारचा रामाजी पुढे आला. "उपटून टाका ना ते नळी, वैनी. वाट मोकळी होऊन जाईन."

"तुह्या घरच्या मोटेची नळी हाये का ते?" मी ओरडले. "हात लावून तं पाह्य!"

वळून पाहिलं तर कमळाने तीन दगडांवर गंज चढवला होता आणि त्यात पिचकारी उकळत होती. मीठपाणी आधीच उकळून पितळी लोट्यात झाकून ठेवलं होतं. कोणाला न विचारता ती आपलं काम करत होती. साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, पदर दातांत धरून ती बंडीशी आली.

"नाई," बुढा म्हणाला. दुखण्याने त्याचा आवाज चिरकत होता. "तिले जाऊ दे. इतक्या लोकाइसमोर नाई."

"लोकाइले हाकलू का?" मी विचारलं.

"लोकं असो का नसो, तिचा हात नाई."

वारलू त्याच्या पायाशी बसून रडायला लागला. माझा संताप अनावर झाला. नवरा डोळ्यांदेखत चालला, औषध हातभर अंतरावर, आणि मधे काय, तर लाज!

तेवढ्यात कमळाने पदर दातांतून सोडला.

"मामाजी," ती म्हणाली. साधाच आवाज, पण आम्ही सगळे दचकलो. "सुकलूच्या वक्ती नाल्यातून मले कोनं उचलून नेलं?"

बुढ्याने डोळे मिटले.

"बंडी बुडून राह्यली होती. पानी तुमच्या छातीले लागलं होतं. तुमी मले दोनी हातावर घेतलं अन् सुईनीच्या दारात नेऊन ठेवलं. तवा तुमी लाजले नाई. मनून मी जित्ती हाये, मनून सुकलू हाये. आता तुमाले असं सोडून मी दाराआड उभी राहू का?"

कमळाच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तिने तो सावरला नाही. बुढ्याने डोळे उघडले आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग पोटावर आवळलेले हात त्याने बाजूला घेतले.

"कर, माय," तो म्हणाला.

मी आणि वारलूने चादर आडवी धरली. पिचकारी निवेपर्यंत कमळा थांबली. तिने नळीचं टोक बाटलीतून काढलं, पुसलं, पिचकारी बसवली आणि हलकेच ओढली. काही आलं नाही. तिने घाई केली नाही. नळी बोटांत धरून वरून खाली हळूहळू दाबत आणली, धारेआधी गाईचा सड मोकळा करतात तशी. पुन्हा ओढली. पिचकारीत पांढरट कचकच आली, तिच्यामागे एक रवाळ गाठ. ती फेकून तिने थोडं मीठपाणी सोडलं आणि पिचकारी काढली.

क्षणभर काहीच नाही. आणि मग धार लागली.

कमळाने नळी बाटलीत घातली, बाटली जमिनीवर धरली. धारेचा आवाज झाडाखालच्या सगळ्यांना ऐकू गेला. बुढ्याने इतका लांब सुस्कारा सोडला की लाखाने मान वळवून पाहिलं. कोणीतरी "वा रे पोरी!" म्हणून ओरडलं आणि मग सगळेच ओरडले. पटाकडची माणसं इकडे काय जोडी सुटली म्हणून धावत आली. मी भर गर्दीत रडले, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. लाजेचा त्या दिवशी मला वीट आला होता.

आमच्या जोडीचा नंबर ऊन कलल्यावर आला. बुढा उठला. मी म्हटलं पडून राहा, पण तो कमळाकडे वळला. "ते जाळी कुठी हाये?"

कमळाने बाटली जाळीत ठेवली आणि दोरी त्याच्या हातात दिली. गुडघ्याखाली बाटली लोंबकळत ठेवून, चादर नाही की काही नाही, आमचा बुढा हजार माणसांमधून चालत निघाला. रामाजीने विचारलं, "हे काय घेऊन राह्यले, भाऊ?"

"सरबत हाये. पेतो का?"

लोक हसून हसून लोळले. बुढा लाखा-पाखऱ्याच्या समोर उभा राहिला, त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि ती नखरेल जोडी देवळातल्या नंदीसारखी गप्प झाली. मग तो बाजूला झाला आणि जोडी सुटली. मला काय दिसणार! धुळीचा एक लोट इकडून तिकडे गेला एवढंच. पण आरोळी उठली ती आमच्या गावाच्या बाजूने उठली, आणि वारलूला लोकांनी खांद्यावर घेतलं तेव्हा मला कळलं की पट आपण मारला.

बक्षीस म्हणून पितळेचा मोठा गुंड मिळाला, पाणी भरायचा. पंचांनी तो बुढ्याच्या हातात दिला. गेल्या खेपेला त्याने असाच गुंड डोक्यावर घेऊन नाच केला होता. या वेळी त्याने तो काखेत मारला, दुसऱ्या हातात बाटली सांभाळली आणि मोहाच्या झाडाकडे तोंड करून सगळ्या पटाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"कमळा! हे घे, भरून आन. मले भल्ली तहान लागली."

कमळाने विहिरीवरून गुंड भरून आणला. बुढा खाली बसला, आणि ती ओतत गेली तसा तो ओंजळीने पीत गेला, धोतर, छाती, मिशा सगळं भिजवत. घरी पोचेपर्यंत बंडीच्या बाजूला टांगलेली बाटली गळ्यापर्यंत आली होती. अंगणात उतरल्याबरोबर त्याने ती स्वतः सोडली आणि सुनेच्या हातात दिली.

"पाह्य, माय," तो म्हणाला, "किती भरली!"