बांधापल्याडची डावणी

खंडेराव बांधावर उभा राहून शेजारच्या सहादूला झापत होता आणि सारं शिवार ऐकत होतं. त्याच्या द्राक्षाच्या पानांवर डावणी रोग पडला होता.

"आरं, मी एकट्यानं औषध मारून काय उपेग? आज इकडची मरंल, उद्या तुझ्याकडून परत येईल. दोघांनी संगंच मारल्याबिगर ही ब्याद जायाची नाय!"

"पन माझ्या बागंत डाग कुठं दिसतोय?"

"डाग दिसस्तोवर थांबलास तर घड हाताला लागत्यात व्हय?"

शेवटी सहादूनं मुकाट ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला. खंडेराव मिशीतल्या मिशीत हसला.

त्याची बायको चतुराबाई वेलीखाली फुटवे काढत होती. तिला कशाचं हसू? पोळ्यापासून बिचारीच्या खालच्या अंगाची आग व्हायची, खाज सुटायची, अंगावरून हिरवट पाणी जायचं. वास असा, की बायकांच्या घोळक्यात बसायची चोरी. मेडिकलमधून ट्यूब आणली की खाज थांबायची, वास राहायचा. आठवड्यानं पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग तिनं डेटॉलनं धुतलं आणि आगीतून फुफाट्यात पडली.

खंडेराव माती तपासून आणी, पाणी तपासून आणी, पानाचं देठसुद्धा प्रयोगशाळेत पाठवी. बायकोला म्हणे, "उष्णता झालीय. सब्जा पी."

अखेर जाऊ लताबाईनं तिला दिंडोरीला डॉक्टरमॅडमकडं नेलं. मॅडमनी आतलं पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.

"दोन दुखणी आहेत, बाई. एक बुरशी, दुसरे जंतू. तुमची ट्यूब नुसती बुरशीची. आणि आता आत डेटॉल नाही, साबणही नाही."

"म्हंजी द्राक्षावर भुरी आन डावनी, दोन्ही रोग संगंच पडल्यावानी," चतुराबाई म्हणाली. "येका औषधानं कशी जायची?"

मॅडमचा दवाखाना दिंडोरीत, द्राक्षांच्याच मुलखात, त्यांना लगेच कळलं. "बरोबर. आणि जंतूंच्या गोळ्या नवऱ्यालाही, तुमच्याबरोबरच. त्यांना त्रास नसला तरी. बरं होईपर्यंत एकमेकांपासून लांब राहायचं, गोळ्या चालू असेपर्यंत दारू बंद. कुणाकडून आलं ते शोधत बसू नका, हे अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतं."

घरी खंडेरावनं गोळ्या बाजूला सारल्या. "दुखनं तुझं आन गोळ्या मला? मला ना खाज, ना आग. आन ऐतवारी भावकीतल्या सनीच्या हळदीत काय पानी पिऊ?"

चतुराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं, पण आवाज चढला नाही.

"आहो, मी येकटीनं खाऊन काय उपेग? आज इकडची मरंल, उद्या तुमच्याकडून परत येईल."

खंडेराव मिशी चोळू लागला.

"का बांधावर जाऊन सांगू? तिथून साऱ्या शिवाराला ऐकू जातं."

त्यानं पाण्याचा तांब्या ओढला.

हळदीच्या दिवशी मांडवामागं सहादूनं ग्लास भरून पुढं केला.

"नको, गोळ्या चालू हायेत," खंडेराव म्हणाला.

"का रं? तुला काय झालंय?"

"काय नाय. डाग दिसत नाय अजून."

सहादूला काही उमगलं नाही. मांडवात चतुराबाई बायकांच्या घोळक्यात मधोमध बसली होती, आणि लताबाईनं तिसऱ्यांदा हाक मारली तरी उठत नव्हती.