बॉयलरची उदी

बेलापूरजवळच्या आमच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एवढी भक्ती कुठून आली, हे मला पहिल्या महिन्यात कळेना. दर गुरुवारी कोणीतरी शिर्डीला. मी नुकताच बी.एस्सी. होऊन लागलेला, तेव्हा कारण शोधणं आलंच.

माझा वरिष्ठ शामकांत म्हणाला, "अरे, मुलाखतीसाठी रजा मागितलीस की चीफ केमिस्ट रंगनाथराव तुला चिपाडाच्या ढिगावर उभं करतात. शिर्डीला मात्र नाही म्हणत नाहीत. फक्त येताना उदी आणायची."

"पण पुण्याला गेलेला माणूस उदी आणणार कुठून?"

"बॉयलर कशाला आहे?"

म्हणजे दुसरी नोकरी बघायची तर दिवसाचा पगार, गाडीभाडं, उसना कोट आणि चिपाडाची बारीक चाळलेली राख. त्यात लढाई संपून पलटणीतून सुटलेली पोरं प्रत्येक जागेवर तुटून पडत होती. एवढं करून हात हलवत परतलेला माणूस पुढे वर्षभर 'गाढवा' या हाकेला 'जी साहेब' म्हणतो. शामकांत तर हाकेआधीच उठायचा. तो चारदा 'शिर्डी' करून आला होता.

नगरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली. मुलाखत गुरुवारी. मी आधीच्या शनिवारी शिर्डीसाठी रजेचा अर्ज दिला.

"तुलाही बाबांनी बोलावलं का रे, गाढवा?" रंगनाथराव म्हणाले. "काही गरज नाही. सोमवारी मीच जातोय. सगळ्यांच्या वाटची उदी आणीन."

शामकांतने मला द्यायला काढलेला कोट पुन्हा पेटीत ठेवला.

मंगळवारी साहेबांनी पुड्या वाटल्या. सगळ्यांनी डोळे मिटून उदी कपाळाला लावली. मी सवयीने भिंगाखाली धरली. राखेत अर्धवट जळलेला चिपाडाचा तंतू! साहेबांची चाळायची राहिली होती.

शामकांतने माझं कोपर दाबलं. "गप्प बस. नोकरी घालवशील."

मी भिंग हातात घेऊनच साहेबांच्या टेबलाशी गेलो.

"साहेब, दर्शन कसं झालं?"

"रांग मोठी होती. सगळे आपल्यापेक्षा तरुण."

"मग, प्रसन्न झाले?"

"कळवतो म्हणाले."

"बाबा?"

त्यांनी भिंगाकडे पाहिलं, पुडीकडे पाहिलं. मग माझा अर्ज ओढून सही केली.

"गुरुवारी जाऊन या," ते हळूच म्हणाले. "उदी नको. जिथं जाताय तिथं आणखी एखादी जागा असली, तर तेवढी विचारा."