घंटी तिकडे वाजत होती

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा फोन कधी कानाला लावलाही नसेल. सावद्यात केळीच्या वखारींमागच्या गल्लीत एक घर आहे. तिथला जुना घरचा फोन तो मी. अंगाचा रंग मुळात सायीसारखा, आता हळदीच्या बोटांनी पिवळट झालेला. पाचाचं बटण जरा जोरानं दाबावं लागतं. एवढं सोडलं तर देवाच्या कृपेनं मी धडधाकट आहे, आणि तेच माझं दुःख आहे.

कुठल्या कारखान्यात मला जुळवलं, ते आठवत नाही. घरधनी भाईदास आबांनी मला खोक्यातून काढलं आणि त्यांच्या बायकोनं, कुंदाबाईंनी मला कुंकू लावलं, तो दिवस मात्र आठवतो. त्या काळी गल्लीत दोनच फोन. कोणाची लेक बाळंत झाली, दीपनगरच्या वीजकेंद्रात कोणाच्या मुलाला नोकरी लागली, सगळं आधी माझ्या कानी यायचं. शेजारचे पुना नाना मला गल्लीचा पोस्टमन म्हणायचे. माझ्यावर विणलेला रुमाल असायचा, आणि मी त्याच्याखाली फुगून बसायचो.

मग घरोघर मोबाइल आले. रुमाल धुवायचंही कोणाच्या लक्षात राहीना. तरी कुंदाबाईंनी मला काढू दिलं नाही. त्यांचा धाकटा मुलगा अभिमन आठ वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. आबांना तो केळीच्या मळ्यात हवा होता, त्याला ट्रक चालवायचा होता. शब्दानं शब्द वाढला. पुन्हा हा उंबरा चढू नको, असं आबा म्हणाले, आणि त्यानं ते शब्दशः पाळलं. पत्ता दिला नाही, नंबर दिला नाही. फक्त आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी कोणाच्या तरी मोबाइलवरून तो मला लावायचा. घरातला हा एकच नंबर त्याला पाठ होता.

दोन वर्षांपूर्वी तांब्याची तार बंद झाली आणि फायबर आलं. नंबर तोच राहिला. देवघराजवळ भिंतीवर एक पांढरी पेटी बसली आणि माझी वायर तिच्या पाठीत खोचली गेली. जोडणाऱ्या माणसानं सारं काही आबांना समजावून सांगितलं. आबांनी मान डोलावली आणि घरात कोणाला काही सांगितलं नाही. त्यांची रीतच तशी.

मागच्या आखाजीला अभिमननं विचारलं, "आई, येऊ का घरी?" आबा समोरच पाटावर बसलेले. कुंदाबाईंना हो म्हणवेना, नाही म्हणवेना. पुढच्या आखाजीले फोन कर, मी सांगीन, एवढंच त्या बोलल्या. कार्तिकात आबा गेले. जाण्याआधी दोन दिवस ते पाण्याचा घोट घेऊन म्हणाले होते, त्याले बोलाव. पण बोलावणार कुठून? मित्रांनो, तुझे वडील गेले आणि जाताना तुला ये म्हणाले, हे दोन निरोप पदराला बांधून ती बाई सहा महिने माझ्याकडे बघत होती.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात. घागरीवर लहान मडकं, त्यावर खरबूज, शेजारी सांजोऱ्या. आबांची ही पहिली घागर. ती देवघराखालीच मांडायची, आणि तिथं तर माझं स्टूल. पाणी विजेजवळ नको, म्हणून आदल्या संध्याकाळी कुंदाबाईंनी माझी वायर पेटीतून हळूच काढली आणि मला सोप्यातल्या जुन्या कोनाड्यात नेऊन ठेवलं. तिथं भिंतीत माझी जुनी जागा होतीच. मी कितीतरी वर्षं तिथंच जोडलेला होतो. त्यांनी वायर त्या भोकात दाबली, टक् असा आवाज झाला, आणि समाधानानं त्यांनी माझ्यावरून पदर फिरवला. ही तार केव्हाच मेली आहे, हे मला सांगायचं होतं. पण आम्हाला स्वतःचं बोलणं नसतं. आम्ही दुसऱ्यांचंच बोलतो.

सकाळी जपाची माळ झाली, पोथीचा अध्याय झाला, आणि त्यांनी मला कानाला लावलं. आत काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. मग सुनेला हाक मारली. ज्योत्स्नाचं माहेर धुळ्याचं. आखाजीला ती झोके घ्यायला माहेरी गेली असती, पण सासऱ्यांची पहिली घागर म्हणून थांबली होती. तिचा नवरा, म्हणजे कुंदाबाईंचा थोरला, वरणगावच्या कारखान्यात ड्यूटीवर होता.

ज्योत्स्नानं पेटीचं बटण बंद केलं, दहा मिनिटं थांबून चालू केलं. दिवे सगळे हिरवे लागले. तिच्या मोबाइलवर नेटही चालत होतं. कंपनीत तक्रार नोंदवली तर सणामुळे माणूस उद्या येईल म्हणाले. म्हणजे फोनच गेला असं ठरलं, आणि पुना नाना स्वतःच्या माळ्यावरचा फोन झटकत घेऊन आले. कुंदाबाईंना म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोस्टमनला आता पेन्शन द्या." माझी वायर काढून त्यांनी आपला फोन त्याच भोकात लावला. तोही मुका.

शेवटी ज्योत्स्नानं मोबाइलवरून घरचाच नंबर लावला. तिच्या कानात घंटी जात होती. कोनाड्यात शांतता. दोन फोन मेलेले आणि घंटी तर जाते, हे कोडं कोणालाच सुटेना.

कुंदाबाईंनी विचारलं, "तिकडे वाजते न?"

"हो आई, पूर्ण रिंग जाते."

"मंग त्याले वाटीन, माय घरात बसेल हाये अन् उचलत नई."

पुना नाना आपला फोन तिथंच विसरून गेले. कुंदाबाईंनी मला पुन्हा त्या भोकाला जोडायला लावलं आणि रिसीव्हर मांडीवर घेऊन त्या कोनाड्याखाली बसल्या. घागरीला नैवेद्य सुनेनं दाखवला. त्यांनी मात्र दिवसभर पाणीही घेतलं नाही. पंधरा पावलांवर ती पेटी उभी होती. जे काही येत होतं ते तिच्यापर्यंत येऊन थांबत होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा शालिग्राम आला. पन्नाशीचा, थकलेला माणूस. माझ्या वायरीमागे त्यानं नुसती नजर फिरवली आणि म्हणाला, "मावशी, भिंतीतली ही तार दोन वर्षांपासून बंद आहे. फोन त्या पेटीलाच लागतो. तुमच्या आबांना सांगितलं होतं मी." त्यानं मला उचलून पेटीला जोडलं. माझ्यात तो ओळखीचा गुणगुणाट परत आला. एका मिनिटाचं काम होतं.

ज्योत्स्नानं आर्जव केलं, तेव्हा त्यानं ऑफिसात विचारून आखाजीच्या दिवशी आलेल्या फोनची नोंद काढली. सकाळी सव्वादहा ते दुपारी दोन. एकाच नंबरवरून नऊ वेळा.

त्या नंबरवर माझ्यातूनच फोन लावला गेला. तिकडे भुसावळ स्टेशनाबाहेरचा चहावाला निघाला. हो, होता एक माणूस, म्हणाला. सुरतेच्या गाडीनं आला होता, जवळ बॅग आणि आंब्याची पेटी. मलेच फोन मागे घडीघडी. घरी आंबे न्यायचे म्हने, पन आधी माय ये म्हनीन तं जाईन.

"अन् मग?" कुंदाबाईंनी विचारलं.

"मग काय अक्का. दोन वाजता म्हने, घंटी जाते, उचलत नई, म्हनजे मायनं सांगितलं काय सांगायचं ते. आता इचारनार नई म्हने. आंबे मलेच देऊन गेला."

भुसावळहून सावदा एस.टी.नं तासाभराची वाट आहे. कुंदाबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मला दोष दिला नाही, सुनेला दिला नाही. त्या देवासमोर जाऊन बसल्या, पण त्या दिवशी त्यांच्या हातातली माळ पुढे सरकली नाही. ज्योत्स्नाचा नवरा आठवडाभरानं सुरतेला जाऊन ट्रकच्या अड्ड्यांवर विचारून आला. अभिमन नावाचा माणूस काम सोडून गेला होता. कुठं, ते तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मी आता चालू आहे. रोज माझ्यावरची धूळ पुसली जाते. पण मला हात लावला की कुंदाबाईंचे डोळे भरतात, म्हणून ज्योत्स्नाच पुसते. माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू? सांगायचं ते दुसरंच आहे. घरातली कोणती तार कुठे जाते, हे एकट्यानं जाणून गप्प बसू नका. सगळ्यांना सांगा. आणि कधी आपल्या माणसाला फोन लावलात, घंटी जात राहिली आणि कोणी उचललं नाही, तर ते त्याचं उत्तर समजू नका. तासाभराची वाट असेल तर उठून जा. दाराची कडी वाजवा. कडीला वायर लागत नाही.