तीन बोटं लोकर

ज्योत्स्नानं पिंजऱ्यात हात घालून पाचवा ससा बाहेर काढला. अंग अजून कोमट होतं, पण मान तिच्या मनगटावरून खाली लोंबली. तिनं तो बाकीच्या चौघांशेजारी गोणपाटावर ठेवला. मे महिन्याची दुपार. सकाळपासून लाइट नव्हती, पंखा थांबलेला. उरलेले ससे जाळीला नाक लावून धापा टाकत होते.

“आता तरी कातर त्यास्नी,” ओसरीवरून सासू मालनबाई म्हणाली. “जिवापरीस लोकर मोठी हाय व्हय?”

“आत्या, दोनच बोटं लांब झालीय. तीन भरल्याशिवाय पुण्याचा व्यापारी घेत नाही.”

मालनबाई पायऱ्या उतरून आली, एक ससा उचलला आणि मांडी घालून बसली. ज्योत्स्नानं गोणपाटाकडं पाहिलं. मग कात्री घेतली.

एकोणीस ससे कातरून होईतो ऊन कलंडलं होतं. नाकातोंडात केस गेले होते, बोटाला फोड आला होता. उघडे पडलेले ससे केवढेसे दिसत होते. पण त्यांची धाप थांबली होती. शेवटचा ससा आत सोडताना ज्योत्स्ना थबकली.

“शबीना,” ती म्हणाली आणि हात न धुताच सायकलकडं धावली.

लासुर्ण्यात अंगोरा ससे पहिल्यांदा तिनंच आणले होते. गेल्या साली महिला मंडळातल्या दोघींना, शबीनाला आणि नकोशीला, तिनं जोड्या दिल्या. चारा, पाणी, पिल्लं, सगळं शिकवलं. एकच गोष्ट दर वेळी बजावली : तीन बोटं लोकर झाल्याशिवाय कात्री लावायची नाही.

शबीनाचं घर कालव्याच्या कडेला होतं. ज्योत्स्नाला बघताच ती दारातच उभी राहिली.

“ताई, तुमी? आत्ता?”

“ससे कातर. आत्ताच्या आत्ता. मी मदतीला आलेय.”

शबीना हलली नाही.

“अगं, सरक ना!”

ती सरकली. आत ओल्या माठाला टेकून चार ससे लसूणघास खात होते. चौघेही कातरलेले. अंगावर नवी लवसुद्धा आली होती.

“कधी कातरलेस?”

“धा दिस झालं. एक ससा आडवाच पडला, मग ऱ्हावलं न्हाय.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

शबीनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“आले हुते की सांगाया. गुरवारी. तुमी दारात नकोशीला बोलत हुता, आखूड लोकर आणली म्हनून. तशीच माघारी फिरले.”

ज्योत्स्नाला तो गुरुवार आठवला. चार बायकांसमोर तिनं नकोशीची पिशवी अंगणात टाकली होती. पोरखेळ वाटला का हा, असं विचारलं होतं. नकोशी ‘उन्हानं’ एवढंच म्हणाली होती. पुढचं ज्योत्स्नानं तिला बोलू दिलं नव्हतं.

“तुमचं ससं बरं हायेत न्हवं?”

“पाच गेले.”

शबीनाचा हात तोंडावर गेला. “या अल्ला! मी तवाच बोलले असते तर...”

“तू बोलली असतीस, पण मी ऐकलं असतं का?” ज्योत्स्ना म्हणाली. तिनं माठाला हात लावून पाहिला. गार होता. एवढी साधी गोष्ट तिला सुचली नव्हती.

“नकोशी घरी असेल का?”

“असंल. पन तवापास्नं ती कुनाशी बोलत न्हाय, ताई.”

“तू येतेस माझ्याबरोबर?”

शबीनानं चपला पायात सरकवल्या.

नकोशीचं घर वस्तीच्या टोकाला, उसाला लागून होतं. दोघी बांधावरून वळल्या तेव्हा ती परसात पिंजऱ्यापुढं बसून कातरलेल्या सशांना पाणी पाजत होती. पावलं वाजली तशी तिनं मान वर केली. ज्योत्स्नाला बघितलं आणि ती धडपडत उठली. वाटी कलंडली. शेजारचं गोणपाट ओढून तिनं ते घाईघाईनं पिंजऱ्यावर टाकलं आणि एक हात त्यावर दाबून पिंजऱ्याला पाठ लावून उभी राहिली.

ज्योत्स्ना काट्याच्या कुंपणापाशीच थांबली.

“झाकू नका, नकोशीबाई,” ती म्हणाली. “वारा लागू द्या त्यांना.”

नकोशीनं आधी शबीनाकडं पाहिलं. गोणपाटावरचा हात मात्र तिनं काढला नाही.