सूर्याचं रगत

मारुतीच्या पारावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. भास्करबाबांनी सौर पॅनल धुतलेल्या पाण्याचा तांब्या हळदीच्या फडक्यावर रिता केला आणि पिवळंधमक फडकं लालभडक झालं.

“हे सूर्यनारायणाचं रगत,” बाबा म्हणाले. “ही काच त्याला पिऊन टाकती. उद्या द्राक्षात साखर भरणार नाय. मंग बसा आंबट घड चघळत.”

दिंडोरीकडच्या या गावात द्राक्षात साखर न भरण्यापुढं मरणाचं भयही लहान. उज्वला सरपंचपदाला उभी होती ती गायरानात पॅनल बसवून शेतीला दिवसा वीज आणायच्या बोलीवर. समोर मोतीराम. त्याचे डिझेलचे जनरेटर गावभर भाड्यानं चालत, आणि बाबांना गाडीतून आणलं तेही त्यानंच. पण एवढं जोडून बघायला डोकं लागतं, ते सगळ्यांनी चपलांसोबत पाराखाली काढून ठेवलं होतं.

साळूबाईचं मत खरं तर उज्वलाला होतं. वीज रात्रीची, म्हणून तिचा पोरगा सहादू रात्री बागेला पाणी भरायला जायचा, आणि बांधावर बिबट्याचे ठसे दिसायचे. पण फडकं पाहून म्हातारी हबकली. मोतीरामलाच मत देईन म्हणून तिनं खंडोबाचा भंडारा उचलला. तिच्यामागं अख्ख्या आळीनं उचलला.

बाबांचा तांब्या पारावरच राहिला होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या निकिताबाईंनी त्याच्या बुडाचा पांढरा साका सगळ्यांना दाखवला. खायचा चुना. चुन्याची निवळी हळदीवर ओतून त्यांनीही फडकं लाल केलं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे इथल्या प्रत्येक बाईनं धुण्याच्या दगडावर पाहिलेलं. बाबाच्या हातून झालं की चमत्कार.

“कळलं गं बाई,” साळूबाई म्हणाली, “पन भंडारा उचललाय. शपथ मोडली तर माझ्या पोरावर यील.”

तिनं शपथ पाळली. मोतीराम निवडून आला. थंडीत सहादूला बिबट्यानं बागेतच धरलं. सकाळी लोक पोहोचले तेव्हा मोटार चालूच होती.

मोतीराम दुखवट्याला आला आणि तंबाखू मळत म्हणाला, “देवाची मर्जी, मावशी.”

सुतकात देवाला शिवत नाहीत. साळूबाईनं देव्हाऱ्यातला भंडारा तळव्यावर घेतला, मोतीरामच्या डबीतला चुना त्यात रगडला आणि लाल झालेला हात त्याच्यापुढं धरला.

“देवाला कशाला मधी घेतो? मत म्या दिलं व्हतं.”

भंडारा म्हणजे हळदच, बाबांनो. मत टाकायला जाल तेव्हा चपला बाहेर ठेवा हवं तर, डोकं मात्र आत न्या.