मेंढवहीच्या पोटातली काळतोंडी

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण माझ्या अंगावर कागदाचा कपटाही नाही. मी फोनमध्ये राहते. लोक मला ॲप म्हणतात आणि माझं नाव मेंढवही. वय सहा वर्षं. तुमच्यात सहा वर्षांचं लेकरू पहिलीत जातं, आमच्यात ते म्हातारं ठरतं. तरी मी ठणठणीत आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी कळपांच्या लशी, विणी आणि दुखणी मला तोंडपाठ आहेत.

माझा जन्म ईट गावातल्या एका अंगणात झाला. दैवशाला धाराशिवला कॉलेजात संगणक शिकली आणि लग्न होऊन मेंढ्यांच्या घरात आली. ती दिवसा संगणकाचा क्लास घेई. तिचे सासरे बिराप्पा एकेक मेंढी तोंडावरून ओळखत, पण कुणाला लस कधी टोचली ते विसरत. एका साली या विसरण्यापायी आठ मेंढ्या गेल्या. बिराप्पा दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा दैवशालानं मला लिहायला घेतलं. संध्याकाळी भाकरी झाल्या की अंगणातल्या मोठ्या दगडावर बसून ती मला घडवायची. सासऱ्यांना वाटे, सून क्लासचं काम करतेय.

मी तयार झाले, आणि ही बाई कचरली. कालची सून जन्म मेंढ्यांत घालवलेल्या माणसांना शहाणपण शिकवणार म्हटल्यावर लोक हसले असते आणि मला कुणी हातही लावला नसता. तिनं बसायच्या दगडाकडे पाहिलं आणि माझ्या पहिल्या पानावर लिहिलं, कर्ता: दगडोबा.

पण ती भोळी नव्हती. मला बाहेर सोडण्याआधी ती एसटीनं धाराशिवला, वकील शिवकांताबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "टोपणनाव घेतलं म्हणून हक्क जात नाही. ज्यानं केलं त्याचंच ते. पण उद्या कुणी विचारलं तर हातात कागद असलेला बरा." मग अर्जात खरं नाव आणि टोपणनाव दोन्ही भरली, माझ्या कोडची पानं जोडली, कुणाची हरकत येते का म्हणून महिनाभर वाट पाहिली. यथावकाश कॉपीराइटच्या नोंदणीचा कागद आला आणि शिवकांताबाईंच्या कपाटात जाऊन बसला.

मेंढपाळ कोकराच्या कानाला खूण करूनच त्याला कळपात सोडतात. दैवशालानंही मला तशी एक खूण केली. ती कुठं, ते सांगतेच.

पुढची वर्षं मजेत गेली. दगडोबा कोण, यावर बाजारात पैजा लागत. कुणी म्हणे भूमकडचा म्हातारा धनगर, कुणी म्हणे रिटायर झालेला जनावरांचा डॉक्टर. सगळ्यांत मोठे भक्त आमचे बिराप्पाच. जेवताना सुनेला सांगायचे, "लई जाणता माणूस हाय हा दगडोबा. एकदा पाया पडायचंय मला त्याच्या." दैवशाला ताटात भाकरी वाढायची आणि पदराआड हसायची. मलाही हसू यायचं, पण मला दात कुठले?

मग तालुक्याच्या गावात मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या वीरभद्रनं माझी नक्कल केली. दगडोबाचं नाव पुसलं, स्वतःचं लिहिलं, मला हिरव्याची निळी केली. एका मेळाव्यात शाल-नारळ घेऊन मोकळाही झाला. शिवकांताबाईंनी दगडोबाच्या वतीनं नोटीस धाडली, तर त्याचा निरोप आला की दगडोबाला समोर उभा करा, बिननावाच्या माणसाचा कसला हक्क? मला फार वाईट वाटलं. सहा वर्षांची मेहनत, आणि आईचं नाव सांगायची सोय नाही.

खूण दाखवली असती तर मी सुटले असते. पण ती खूण घरच्यांनी वाचली की दगडोबाचं बिंग फुटणार होतं. आणि नेमके बिराप्पाच हट्टाला पेटले. दगडोबाची वकीलबाई वीरभद्रच्या दुकानात जाब विचारायला जाणार, हे त्यांच्या कानावर आलं. दगडोबावर अन्याय झालाय, सुनेला घेऊन मी दुकानात जाणारच, म्हणाले. दैवशाला रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी तिनं शिवकांताबाईंना फोन करून सांगितलं, खूण दाखवा.

दुकानात शिवकांताबाई शांतपणे म्हणाल्या, "नोंदणीचा कागद मी न्यायालयात दाखवीन. आज फक्त तुमची वही उघडा आणि एकूण मेंढ्या शून्य लिहा."

बिराप्पा दचकले. "शून्य? आवं, असं अभद्र कोण लिवतंय व्हय?"

तीच तर खूण होती, मित्रांनो. सगळा कळप गेला तरी मेंढपाळ शून्य लिहीत नाही. वीरभद्रनं कधी मेंढी राखली नव्हती आणि माझं पोटही कधी तपासलं नव्हतं. त्यानं बेफिकिरीनं शून्य लिहिलं. त्याच्या निळ्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'शून्य कसं? काळतोंडी आहे ना. डावा कान अर्धा. कर्ता: दगडोबा.'

वीरभद्रचा चेहरा उतरला. त्याच दिवशी त्यानं नक्कल काढली आणि माफीचं पत्र लिहून दिलं.

बिराप्पा मात्र पडद्यावरून नजर काढीनात. दैवशाला नवी नवरी म्हणून आली, तेव्हा त्यांनी तिच्या ओटीत एक आईवेगळं कोकरू घातलं होतं. काळ्या तोंडाचं, डावा कान कुत्र्यानं तोडलेलं. तिनं ते बाटलीनं दूध पाजून वाढवलं. त्या आठ मेंढ्यांत ती काळतोंडीही गेली होती. हे त्या घराबाहेर कुणाला ठाऊक असणार?

परतीच्या एसटीत ते सुनेशेजारी बसले. मग हळूच म्हणाले, "त्या दगडावर बसून व्हय गं?"

"व्हय, मामा."

"पाया पडायचं बोललो होतो म्या."

दैवशाला घाईनं म्हणाली, "असं काय बोलता, मामा?" बिराप्पा हसले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी डोळे पुसले.

मित्रांनो, आपण घडवलेली वस्तू जगात सोडण्याआधी तिच्या कानाला खूण करा आणि कागद जपून ठेवा. नाव झाकलं तरी हक्क झाकला जात नाही. दुसऱ्याचं कोकरू आपल्या कळपात दिसलं, तर ज्याचं त्याला परत द्या.

बाजारात अजून पैजा लागतात. परवा कुणीतरी बिराप्पांना विचारलं, तात्या, तुम्हाला तरी कळलं का हा दगडोबा कोण ते? बिराप्पांनी मला उघडलं, लशीची तारीख पाहिली आणि फोन खिशात ठेवला.

"न्हाय बा," ते म्हणाले. "पर भाकरी लई झ्याक करतो."